'या' म्हणायचं काम माझं

आमच्या घरी कुणी आलं की 'या' मी म्हणायची. दार यांनी उघडलं तरी. हे नुसते बाजूला सरायचे, हाताने आतली खुर्ची दाखवायचे, आणि मी असेन तिथून ओरडायची, "या, या, बसा, आलेच!" हाताला साबण असो, नाहीतर डोळ्यांत कांदा असो. लोकांना वाटायचं, काय घमेंड आहे या माणसाला! याचा आवाज रेडिओवरून घराघरात शिरतो, आणि दारात उभ्या असलेल्याला एक अक्षर बोलायचं तर जिभेला जड होतं. माझी जाऊ तर तोंडावर म्हणाली होती, "भावोजींच्या शब्दांना पैसे पडतात बाई, आपल्यावर कशाला उधळतील?" मी म्हटलं, "तुमचे हे फुकट वाटत फिरतात, तरी कुणी घेत नाही, त्याचं काय?" त्यानंतर ती बरीच वर्षं आली नाही. माझा चहा वाचला.

लग्न ठरलं तेव्हा मला एवढंच सांगितलं होतं की मुलगा लढाईवर जाऊन आलाय, हातपाय शाबूत आहेत, आणि जाहिरातीच्या कंपनीत कामाला आहे. माझ्या वडिलांनी फक्त हातपायांचं पाहून घेतलं. कंपनीत यांना सगळे 'गळा' म्हणायचे. गळा आला का, गळा जेवायला गेला का. सुरुवातीला यांना सामानाच्या खोलीत नेमलं होतं, पाट्या आणि रंगाचे डबे सांभाळायला. एके दिवशी बोलणारा माणूस घसा बसून घरी राहिला आणि दातांच्या पावडरीची जाहिरात अडली, म्हणून यांना उभं केलं. परत काही यांनी रंगाच्या डब्याला हात लावला नाही.

आवाज कसा होता ते मला धड सांगता येत नाही. उंच नाही, गोड तर मुळीच नाही. थंडीत कुणी मागून येऊन खांद्यावर घोंगडी टाकावी आणि काही न बोलता निघून जावं, तसा. माणसाला वाटायचं, हा खोटं बोलणार नाही.

लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा माझा धाकटा भाऊ पहिल्यांदा माझ्या घरी आला. लांबचा प्रवास करून, नवा शर्ट घालून. मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते, दार यांनी उघडलं. मी खाली येऊन बघते तर माझा भाऊ उंबऱ्याबाहेर पिशवी छातीशी धरून उभा, आणि हे आत उभे. हे हाताने काहीतरी दाखवतायत आणि त्या लाजऱ्याला कळत नाही की आत बोलावतायत की घालवून देतायत. भाऊ दोन दिवस राहिला, तोवर मी दात आवळून होते. तो गेला आणि मी सुरू झाले. "तोंड झिजतं का हो तुमचं? अख्ख्या दुनियेला पावडर विकता आणि माझ्या भावाला 'ये' म्हणवत नाही? माझं माहेर काय रस्त्यावर पडलंय?"

हे ऐकून घेत होते. मी दमले तेव्हा हे पलंगाच्या कडेवर बसले आणि सांगितलं. ते एकदाच. पुन्हा आमच्यात तो विषय निघाला नाही.

लढाई संपत आली होती. ओढ्यापलीकडच्या एका विटांच्या गोदामात समोरची काही माणसं अडकली होती आणि चारी बाजूंनी यांची तुकडी होती. भाषा दोन्हीकडची एकच, म्हणून बोलायला यांना पुढे केलं. हातात कर्णा दिला आणि वरच्या साहेबाने कागद दिला. शस्त्रं टाका, हात वर करा, बाहेर या, कुणाला काही होणार नाही. यांनी ते सकाळभर वाचलं. गोदामातून कुणी हूं की चूं केलं नाही. कडक उन्हाळा होता. आत पाण्याचा थेंब नाही हे यांना ठाऊक होतं, कारण विहीर यांच्याकडच्या बाजूला होती. मग यांना आपल्याच डोक्याने सुचलं. कागद खाली ठेवला आणि कर्ण्यातून म्हणाले, "पाणी आहे. आत्ताच काढलंय. गार आहे. या."

आणि ते आले.

पहिला जो बाहेर आला त्याने दोन्ही हात वर केले होते. पण एका हातात पत्र्याचा डबा होता. पाणी घ्यायला. हे पाणी म्हणालेच नसते तर त्याने डबा आणला असता का? डब्यावर ऊन चमकलं. कुणाला काय दिसलं देव जाणे, एक गोळी सुटली. मग सगळ्यांच्याच सुटल्या. मागचे पुढच्यांवर पडत होते, तरी आणखी मागून येतच होते, कारण त्यांना दिसत नव्हतं, ऐकू मात्र गेलेलं होतं.

"कर्णा माझ्या हातात होता गं," हे म्हणाले. "चालू होता. परत जा, आत जा, एवढं म्हणायचं होतं. पण मला बोलवायचंच काम दिलेलं. परत पाठवायचे शब्द तोंडात आलेच नाहीत."

साहेबाने नंतर यांची पाठ थोपटली म्हणे. तुझ्या गळ्याने काम केलं, म्हणाला.

धीर देणं मला कधी जमलेलं नाही, आणि ज्याला जमतं त्याच्यावर माझा विश्वास नाही. दुसऱ्या दिवशी शेजारीण दारात आली तेव्हा हे उठायच्या आत मी आतून ओरडले, "या हो, या!" तेव्हापासून ते काम माझं.

पुढे जाहिरातींच्या ओळीही हेच लिहायला लागले, आणि तिथेही यांनी तेच केलं. बाकीच्यांच्या जाहिराती बघा, सगळा आरडाओरडा. या, धावा, लुटा, आजच घरी न्या. यांच्या ओळीत कुणालाच बोलावणं नसायचं. 'दिवा लागलाय. तेल अजून अर्धं आहे.' नाहीतर, 'डोकं दुखायचं थांबलं. घरात शांतता आहे. आता झोप लागेल.' तो डोकेदुखीचा बाम. कंपनीचा मोठा साहेब म्हणायचा, "गळा गिऱ्हाइकाच्या मागे लागत नाही, म्हणून गिऱ्हाईक त्याच्या मागे लागतं." लोकांनी त्याला यांची शैली म्हटलं. म्हणोत बापडे. एकदा मात्र पाणी गाळायच्या यंत्राची मोठी जाहिरात आली आणि यांनी सरळ नाही म्हटलं. साहेबाने कारण विचारलं, यांनी दिलं नाही. त्या वर्षी वरची खुर्ची दुसऱ्याला गेली आणि मला कंपनीच्या जेवणात त्या दुसऱ्याच्या बायकोचं कौतुक ऐकत बसावं लागलं. बसले. मनात दहा वेळा त्या बाईच्या केसांतलं गंगावन ओढलं, पण बसले.

ओळ लिहिली की हे स्वयंपाकघरात यायचे. माझी पाठ यांच्याकडे. ऐक, ही ओळ आहे, असं काही सांगायचे नाहीत. आपलं बोलल्यासारखं बोलायचे. "साबण संपत आलाय, पण वास आहे अजून." मी मान वळवून "कुठला साबण?" विचारलं की ओळ ठेवली. मी तशीच भाजी चिरत राहिले की कागद मुठीत चुरगळून खिशात. मला कित्येक वर्षं पत्ता नव्हता. मला वाटायचं, नवरा किती घरातलं बोलतो माझ्याशी! कळलं तेव्हा मी दोन दिवस अबोला धरला. त्यानंतर पाठीमागून बोलून उपयोग नव्हता, म्हणून समोर बसवून म्हणायचे आणि माझ्या डोळ्यांत बघायचे. मी तोंडाने कितीही "छान आहे" म्हणू दे, मला पटलं नसलं तर कागद चुरगळलेला असायचा.

आम्हाला एकच मुलगा. चिरंजीवांनी यांचं नाक घेतलं नाही, उंची घेतली नाही, आवाज मात्र उचलला जसाच्या तसा. फोनवर माझीसुद्धा फसगत व्हायची. "अहो, येताना दूध आणा," म्हणून मी पोराला हुकूम सोडायची, आणि तो मुकाट्याने दूध आणायचा, मग हेही आणायचे. पण आवाज तेवढा घेतला, जीभ नाही. पोराची जीभ म्हणजे आगगाडी. त्याने जाहिरातींचं स्वतःचं ऑफिस काढलं, दोन खोल्या आणि काचेचं दार. काही वर्षं बरं चाललं. मग एकेक गिऱ्हाईक गळत गेलं, शेवटी एक गादीवाला उरला. हे तेव्हा निवृत्त होऊन घरी बसलेले.

एके दिवशी चिरंजीव त्या गादीवाल्याला घेऊन घरी आले. मी "या, या" केलं. गादीवाला स्वतःच एखाद्या गादीसारखा, बसला तर खुर्ची दिसेनाशी झाली.

"काका," तो यांना म्हणाला, "मी एवढासा होतो. तुमची ती बामची जाहिरात लागली की आई रेडिओ मोठा करायची. तुमच्या आवाजावर झोपलेली पोरं आहोत आम्ही. आता माझं सगळ्यात मोठं दुकान उघडतंय, तर आवाज तुमचाच पाहिजे. दुसरा नको."

"ओळ काय आहे?" यांनी विचारलं.

चिरंजीवांनी कागद पुढे केला. यांनी चष्मा लावून वाचला आणि टेबलावर पालथा ठेवला. मी चहा ठेवायच्या निमित्ताने उलटा करून पाहिला. 'या. आडवे व्हा. शांत झोपा.'

मी कागद होता तसा पालथा ठेवला.

"नाही जमायचं," हे म्हणाले.

"अहो काका, तीनच तर वाक्यं!"

"पहिलं काढा. मग बघू."

"बाबा, पहिलं काढलं तर दुकान उघडायचं कशाला?" चिरंजीव म्हणाले. "माणसं यायला नकोत?"

"गादी चांगली असली की येतील."

"गादी चांगली असती तर तुमच्याकडे कशाला आलो असतो!" गादीवाला म्हणाला आणि आपणच पोट धरून हसला. हे हसले नाहीत. उठून गॅलरीत गेले.

गादीवाला गेल्यावर पोरगा माझ्या मागे स्वयंपाकघरात. "आई, तू सांग ना त्यांना."

"मी काय सांगू?"

"एक शब्द, आई! एक शब्द म्हटला तर काय आभाळ कोसळेल? हा माणूस गेला तर ऑफिसला कुलूप. मग मी काय करू, कुठे जाऊ?"

"लाव कुलूप. किल्ली माझ्याकडे दे, हरवायची नाही."

"चेष्टा करू नकोस. कारण तरी सांगा की कुणीतरी. आयुष्यभर बघतोय मी. शाळेतली पोरं घरी आली तरी हे दगडासारखे उभे. पोरं म्हणायची, तुझे बाबा आम्हाला हाकलतात."

"कारण त्यांचं आहे. माझ्या फडताळातली बरणी आहे का, काढून तुझ्यापुढे ठेवायला?"

सूनबाई दारात उभी राहून ऐकत होती. ती कमी बोलते आणि नेमकं बोलते, म्हणून माझं तिच्याशी पटत नाही. ती म्हणाली, "आई, बरण्या तुम्ही सांभाळा. पण उपाशी आम्ही राहणार आहोत." मी म्हटलं, "माझ्या घरात अजून तरी कुणी उपाशी झोपलेलं नाही." ती आत निघून गेली. पण पोराचं तोंड उतरलं होतं, आणि ते मला दिसलं नाही असं मी म्हणणार नाही.

त्यानंतर चिरंजीव शांत झाले. मला वाटलं, विषय मिटला. यांची जुनी कंपनी बंद पडली तेव्हा यांच्या आवाजाच्या फिती पोराने खोकी भरभरून आणून ठेवल्या होत्या. त्या आता ऑफिसात नेल्या. सगळं जपून ठेवतोय म्हणाला, खराब व्हायच्या आत कॉम्प्युटरवर घेतोय. मला बरं वाटलं. एवढा मोठा गळा, त्याचं काहीतरी राहायला हवं. मदतीला एक माणूस होता, चोवीस तास कानांवर ती टोपणं लावलेला. आम्ही त्याला कानवाला म्हणायचो. तो एकदा जेवायला आला आणि यांच्याकडे बघत घास तोंडात ठेवून म्हणाला, "काय काम करून ठेवलंय बाबांनी! पण गंमत बघा, इतक्या वर्षांत एकदासुद्धा 'या' नाही. 'या साबणात' आहे, 'या बाटलीत' आहे. पण तो 'या' कापून लावला तर नुसतं बोट दाखवल्यासारखं वाटतं. बोलावल्यासारखं नाही वाटत."

"कापून कुठे लावायचाय?" मी विचारलं.

चिरंजीवांनी त्याला कोपराने ढोसलं ते मला दिसलं. "काही नाही गं आई, त्याला आपलं कुठलाही शब्द शोधायचा नाद आहे."

यांनी ताटातून मान वर केली नाही. पाण्याचा पेला तेवढा हाताने लांब सरकवला.

आठवड्याभराने सकाळी आम्ही दोघं गॅलरीत बसून मटार सोलत होतो. माझ्याकडे सालं, यांच्या मांडीवर ॲल्युमिनियमचं भांडं, त्यात दाणे. ऊन आलेलं. यांना मटार सोलायला आवडायचं, बोलावं लागत नाही म्हणून. खालच्या रस्त्यावर एक गाडी वळली, टपावर दोन भोंगे बांधलेली, बाजूला झोपलेल्या बाईचं मोठं चित्र. आणि भोंग्यातून यांचा आवाज आला.

"या. आडवे व्हा. शांत झोपा."

मी शेंग हातात धरून तशीच बसले. गाडी हळूहळू पुढे येत होती. "या. आडवे व्हा. शांत झोपा." खालची पोरं नाचायला लागली. भाजी घेणारी बाई वर आमच्या गॅलरीकडे बघून हसली, हात केला. तिला वाटलं, आम्हाला आनंद होत असेल.

यांनी माझ्याकडे बघितलं. पोराच्या तापातसुद्धा यांचं इतकं घाबरलेलं तोंड मी पाहिलं नव्हतं.

"मी म्हणालो का गं?"

"नाही हो! तुम्ही नाही म्हणालात!"

"आवाज माझा आहे."

"नाही म्हणालात तुम्ही. मी सांगते ना!"

"मला आठवत नाही," हे म्हणाले. "कधी म्हणालो?"

आणि उठले. भांडं हातातच. मी खुर्ची धरून उभी राहीपर्यंत हे जिन्यात. या वयात इतक्या भराभर उतरतील असं कुणाला वाटलं असतं? मी कठड्यावरून वाकून ओरडले, पण भोंग्यापुढे माझं काय चालणार!

हे रस्त्याच्या मधोमध गेले आणि गाडीच्या तोंडाशी उभे राहिले. दोन्ही हात वर. एका हातात ते भांडं. मटाराचे दाणे बाहीतून, खांद्यावरून रस्त्यावर सांडत होते. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. "ओ आजोबा! मरायचंय का? बाजूला व्हा!" पोरं हसत होती. आणि वर तो भोंगा यांच्याच तोंडून यांनाच सांगत होता, आडवे व्हा.

मी खाली पोचले तेव्हा कुणीतरी गाडीचा आवाज बंद केला होता. यांचे हात खाली येईनात. मी आणि त्या भाजी घेणाऱ्या बाईने मिळून एकेक हात खाली घेतला. भांडं मी काढून घेतलं. "बघताय काय?" मी जमलेल्यांना म्हटलं. "मटार सांडलेले कधी पाहिले नाहीत?" तशी पांगली माणसं.

पोराला बोलावून घेतलं. तो आला तर मी त्याला दारातच धरलं आणि कर्ण्यापासून डब्यापर्यंत सगळं सांगितलं, उभ्या उभ्या, एका दमात. त्याचं तोंड पांढरं पडलं. "आई, आधी का नाही सांगितलंस?" म्हणाला.

"नाही म्हटलेलं कळायला कारण लागतं का तुला? नाही म्हणजे नाही, एवढं पुरत नाही?"

तो यांच्या पायाशी जाऊन बसला. "बाबा, तो 'या' तुमचा नाही. बाकीचं तुमचं, जुन्या फितींतलं, जोडून घेतलेलं. तो शब्द मी म्हटलाय. माझा आवाज आहे तो. तुम्ही कधीच म्हणाला नाहीत."

यांनी त्याच्याकडे बघितलं. मग म्हणाले, "म्हण बघू."

"बाबा, नको."

"म्हण."

पोराने मान खाली घातली. "या," म्हणाला.

यांनी कंपनीत नव्या माणसाचं ऐकताना करायचे तशी मान तिरकी केली. "चांगला आहे," म्हणाले. "लोक येतील."

आणि लोक आले. पोराने गाड्या थांबवायला सांगितल्या होत्या, पण गादीवाला थांबतो कसला! दुकानाबाहेर रांग लागली म्हणे. ऑफिसचं कुलूप टळलं. गादीवाल्याने खूश होऊन एक गादी घरी पाठवली, सगळ्यात भारी, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली. ती आम्ही बोळात भिंतीला उभी करून ठेवली. जाता-येता अंग चोरून जावं लागे, पण तिला कुणी हात लावला नाही.

हे त्यानंतर कमी होत गेले. जेवण कमी, चालणं कमी. थंडीत ताप आला आणि अंथरूण धरलं. पाठीला जखमा व्हायला लागल्या तसं डॉक्टर म्हणाले, मऊ काहीतरी घाला खाली. सूनबाईने मला विचारलंसुद्धा नाही. बोळातली गादी आणली, सुरीने प्लॅस्टिक फाडलं आणि यांना त्यावर निजवलं. ती कमी बोलते ते बरंच आहे. पुढच्या वेळी डॉक्टर गादी दाबून बघत म्हणाले, "वा, कुठून घेतली?" सूनबाई त्यांच्यासाठी चहा ठेवायला आत गेली.

आणि मग यांच्या तोंडात ते शब्द आले. इतक्या वर्षांनी. डोळे मिटलेले, अंगात त्राण नाही, पण आवाज खणखणीत, रेडिओवरचा. "येऊ नका. बाहेर येऊ नका. आत थांबा." खोलीच्या भिंतींना हादरे बसावेत असा. भेटायला आलेली माणसं उंबऱ्यातूनच मागे फिरायची. "या हो, या," मी म्हणायची. "तुम्हाला नाही म्हणत ते." माझी जाऊसुद्धा आली, म्हातारी होऊन, काठी टेकत. तिने ते ऐकलं आणि पदर तोंडाला लावून बाहेरच बसली. तिच्यावर मला राग धरायचा होता, राहून गेला.

एका दुपारी चिरंजीव उशाशी बसले होते. सूनबाई कपड्यांच्या घड्या घालत होती. मी यांचे ओठ ओले करायला पेला आणि कापूस घेऊन आले.

"येऊ नका," हे म्हणाले. "आत थांबा. तो डबा खाली ठेवा."

"ठेवला," तो म्हणाला. यांच्याच आवाजात.

सूनबाईचे हात थांबले. यांनी डोळे उघडले नाहीत, पण कान दिलेला दिसत होता.

"सगळे आत आहात?"

"आहोत. कुणीच बाहेर आलेलं नाही."

"ऊन फार आहे."

"हो. आम्ही नाही येत बाहेर. तुम्ही सांगितलंत ना."

यांचा श्वास जरा संथ झाला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कपाळावरची आठी सुटली. मला वाटलं, आता झोप लागेल. पोरालाही तसंच वाटलं असावं, तो पांघरूण सारखं करायला वाकला.

"पाणी?" यांनी विचारलं.

पोराने माझ्याकडे बघितलं. दिवसभर शब्दांची दुकानदारी करणारा माझा मुलगा, त्याच्याजवळ ओळ नव्हती. नाही म्हणावं, तर माणसं आत तहानलेली. हो म्हणावं, तर बाहेर न येता त्यांना पाणी मिळालं कसं?

मी पुढे झाले. पेला हातातच होता. "मी नेऊन दिलं," मी म्हटलं. "गोदामात. सगळ्यांना पुरलं."

यांनी डोळे उघडले. मान हळूच वळवली आणि माझ्या डोळ्यांत बघितलं. थेट, स्वयंपाकघरात समोर बसवून बघायचे तसं. मी नजर हलवली नाही. मी जन्मात कुणापुढे नजर खाली घातलेली नाही, त्या दुपारी तर पापणीसुद्धा लवू दिली नाही.

मग त्यांचा हात चादरीवरून सरकला. चादरीचा कोपरा मुठीत आला. बोटांनी तो सावकाश चुरगळला, आणि खिसा असतो तिथे, मांडीशी, नेऊन ठेवला.

"येऊ नका," हे म्हणाले.